टकळीवर कातायला शिकायचं आहे. सुरुवात कापसाने करू की ऑनलाइन मिळणाऱ्या मेरिनो लोकरीने? टकळी कुठे मिळेल? (सांगलीत राहते)

दोन्हीने नको. आपल्या काळ्या दख्खनी लोकरीने करा. भाव मिळत नाही म्हणून माण-आटपाडीकडचे मेंढपाळ कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात आणि सांगलीत बसून आपण परदेशी मेंढीचे केस मागवायचे! राहवलं नाही म्हणून लिहितेय.

कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, नवख्या हातात टिकत नाही. शिवाय कापसाची टकळी लोंबकळत सोडायची नसते, तिचं टोक वाटीत टेकवून फिरवतात. मेरिनो इतकी गुळगुळीत की बोटांतून सुळकन निसटते.

आमच्या नणंदबाईंनी पुण्यात शिबिर केलं होतं. भाऊबीजेला आल्या त्या पॉलिश मारलेली टकळी आणि पांढऱ्याशुभ्र लोकरीचा गोळा घेऊनच. माझी म्हसवडची आत्या तेव्हा आमच्याकडे होती. मिरजेत डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. तिच्या पिशवीत काळ्या लोकरीचे पेळू होते, म्हणजे कातायला पिंजून वळलेल्या गुंडाळ्या. बसल्या जागी हात रिकामा तिला चालत नाही. नणंदबाईंनी एक पेळू चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "ही गादीत भरायची हो वहिनी. टकळीवर हिचा धागा होतच नाही, आमच्या मॅडमनी सांगितलंय." आणि करूनही दाखवलं. त्यांची नाजूक टकळी दोन गिरक्या घेऊन उलटी फिरली, पीळ सुटला, धागा तुटला. "बघा!"

आत्याने माझ्याकडे मोडक्या छत्रीची काडी मागितली. पकडीने टोक वाकवून आकडा केला, खाली एक बटाटा खोचला आणि उभी राहून कातायला लागली. टकळी फरशीला टेकेपर्यंत सलग धागा! गुंडाळला, परत सोडली. एका डोळ्याने. वर मला म्हणते, "दे गं अजून एक पेळू." नणंदबाईंचं म्हणणं एवढंच, की बटाट्याला टकळी म्हणत नाहीत. आजही तेच म्हणतात.

अहो, वजनाचा प्रश्न आहे, लोकरीचा नाही. जाड, ताठ केसाला पीळ द्यायचा तर टकळी जड हवी, नाहीतर धागाच तिला उलटा फिरवतो. बारीक सुताला तीच जड टकळी लावाल तर तुटणार. हे शिबिरात शिकवत नसतील तर पैसे कशाचे घेतात?

शिकताना पीळ देणं आणि लोकर ओढणं एकदम करू नका. टकळीला गिरकी द्या, पीळ भरला की ती गुडघ्यांत दाबून धरा, मग दोन्ही हातांनी लोकर हळूहळू ओढत पीळ वर सरकू द्या. पीळ पेळूत शिरला की गुंता झालाच समजा, म्हणून वरच्या हाताची चिमूट सोडायची नाही. दख्खनी केस आखूड असतो, हातांत फार अंतर ठेवू नका. गाठी-गुठळ्या होतील, होऊ द्या. घोंगडीच्या सुतातही असतात, वर चिंचोक्याची खळ बसली की कोण बघतंय!

लोकर मिळवायला कातरणीच्या वेळी जा, वर्षातून दोनदा असते. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, मागा. ती सगळ्यात मऊ. जतकडच्या माडग्याळी मेंढ्यांच्या नादी लागू नका, त्या मटणासाठी पाळतात. लोकर पिंजून घ्या, नाहीतर काटेकुसळं बोटांत शिरतील. मेंढपाळ "न्या की फुकट" म्हणेल, तरी पैसे द्या.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी: गळ्यात घालायचा मफलर हवा असेल तर दख्खनी टोचते, तिथे मेरिनोच बरी. नणंदबाईंचं तेवढं खरं आहे, त्यांना सांगू नका. आणि लोकरीच्या वासाने शिंका येत असतील तर मुकाट्याने कापसाकडे वळा.

टकळी कुठे मिळेल म्हणाल तर मी विकत कधी घेतलीच नाही. कापसाची खादी भांडारात विचारून बघा. लोकरीसाठी काडी आणि बटाटा घरात असेलच. बटाटा सुकला की बदला.