मृगाचे किडे पहिल्यांदा बघायला निघालायस तर हे वाच

अरे भावा, पहिली गोष्ट म्हणजे हा किडा नाहीच, आठ पाय मोज, कोळी-गोचीडवाल्यांचा नातेवाईक आहे, माइट. कुळाचं नाव ट्रॉम्बिडिइडी. ७-८ जूनला मृग लागतो आणि पहिला दणकून पाऊस झाला की हे मखमली लाल गोळे जमिनीतून वर येतात, पण दिवसभर नाही हां, सकाळी लवकर जा, ऊन तापलं की परत मातीत गुडुप. बांधावर, माळरानावर, जिथे नांगर फिरत नाही तिथे बघ.

आता खरी मजा पिल्लांची. अंड्यातून निघतं ते सहा पायांचं, टाचणीच्या टोकाएवढं, आणि ते चक्क परजीवी, नाकतोड्यासारख्या कीटकाला चिकटून त्याचा रस पितं, पोट भरलं की गळून मातीत जातं. नंतर मधल्या अवस्थांमधून जाताना दोनदा अगदी निपचित पडून राहतं, आणि मग तयार होतो आठ पायांचा शिकारी. मोठे झाले की कीटकांची अंडी नि वाळवी वगैरे खातात. म्हणजे नाकतोड्याच्या पंखाजवळ लाल ठिपके दिसले तर भिंग लाव, ती हीच पिल्लं असू शकतात.

हातावर घेतलास तरी माणसाला चावत नाही, पाय आखडून मेल्याचं सोंग करेल. लहानपणी आम्ही काडेपेटीत भरायचो, तू नको करूस, कोरडे पडून मरतात बिचारे. आणि त्यांचं तेल औषधी म्हणून विकणाऱ्यांकडून तर काहीच घेऊ नकोस. फोटो काढ, तारीख नि पाऊस लिहून ठेव.