डिझेल व्हॅनचा अल्टरनेटर घरच्या घरी बदलता येतो का?

तुम्ही लिहिलंय की गाडी चालू असतानाही बॅटरीचा लाल दिवा विझत नाही, बॅटरी नवी असूनही सकाळी सेल्फ जेमतेम फिरतो, आणि मेकॅनिकने बॉनेट न उघडताच अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा भाग) गेल्याचं सांगितलंय. तो घरी बदलता येईल का आणि तोवर गाडी चालवू का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

बदलता येतो. माझ्या व्हॅनचा मी स्वतः बदललाय, ओळखीच्या दोघातिघांच्या गाड्यांवरही हेच काम केलंय. पाने-सॉकेट हाताळायची सवय असेल तर अर्धा दिवस मोकळा ठेवा, तेवढ्यात होतं. पण आधी तपासा, मगच खोला. सैल पडलेला बेल्ट, गंजलेली अर्थची वायर, जळालेला मोठा फ्यूज, यांतलं काहीही असलं तरी लक्षणं हीच दिसतात, आणि मग नवा अल्टरनेटर लावूनही दिवा तसाच राहतो.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे अर्धी, 12 च्या खाली गेली की रिकामीच समजा. मग गाडी सुरू करून, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून परत मोजा. 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग होतंय. आकडा 12 च्या घरातच राहिला आणि हळूहळू उतरत गेला तर होत नाहीये. 15 च्या वर चढला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, आणि अशी गाडी चालवत राहिलात तर तुमची नवी बॅटरीही उकळून जाईल. एक अपवाद ध्यानात ठेवा: नव्या गाड्यांत अल्टरनेटर इंजिनच्या कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो आणि बॅटरी भरलेली असली की तो मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो. म्हणूनच लोड चालू ठेवून मोजायचं.

बॅटरीवर आकडा कमी आला म्हणून लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका. आता त्याच्या पाठीमागच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर मीटर लावा. तिथे 14 आणि बॅटरीवर 12.4 मिळत असेल तर अल्टरनेटर ठणठणीत आहे, वाटेत कुठेतरी करंट अडतोय. तो बोल्ट आणि बॅटरीचा प्लस यांच्यामध्ये, लोड चालू असताना, 0.3 व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये 0.2 पेक्षा जास्त नको. हे करताना बेल्ट फिरत असतो, तेव्हा सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, काहीही लोंबकळतं ठेवू नका.

आणखी एक तपासणी अगदी सोपी आहे आणि फार कमी लोक करतात. गाडी चारपाच तास उभी राहून इंजिन गार झालं की अल्टरनेटरच्या बॉडीवर तळहात ठेवा. बाकी सगळं गार आणि तोच कोमट लागत असेल तर आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) फुटलाय आणि बॅटरी रात्रभर त्यातून रिकामी होतेय. हात लावताना जाड वायरच्या बोल्टला पाना, कडं, अंगठी यातलं काही टेकू देऊ नका. त्या बोल्टवर बॅटरीचा प्लस थेट आलेला असतो, चावी बंद असली तरी.

एक विनंती. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "गाडी बंद पडते का बघू" ही जुनी पद्धत कुणी सुचवली तर करू देऊ नका. बॅटरी अचानक बाजूला झाली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर 100 च्या वरही उसळू शकतं. त्यात चांगले डायोड जातात आणि कॉम्प्युटरही जाऊ शकतो.

तपासणीत अल्टरनेटरच सापडला तरी आधी कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे ब्रश, बघा. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आणि कार्बन मिळून एकच डबी असते, मागच्या बाजूने दोनतीन स्क्रूंवर बसवलेली. गाडी बरीच चाललेली असेल तर कार्बन झिजून ते ज्यांवर टेकतात त्या स्लिप रिंगपर्यंत पोहोचतच नाहीत. रिंगांना खोल चर पडलेले नसतील आणि बेअरिंग आवाज करत नसेल तर नुसती ती डबी बदलून काम होतं. बेअरिंग घरघरत असेल किंवा डायोड गेले असतील तर मात्र पूर्ण नग बदलणं बरं.

नवा आणताना जुना सोबत न्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. बोल्टचे कान त्याच जागी आहेत ना, मागचा प्लग तोच आहे ना, पुलीच्या खाचा तेवढ्याच आहेत ना, आणि अँपिअर जुन्याइतके किंवा थोडे जास्त आहेत ना. पुली नीट बघा. काही गाड्यांत ती एकाच दिशेने मोकळी फिरणारी क्लच पुली असते. डिझेल इंजिनचे झटके बेल्टपर्यंत जाऊ नयेत म्हणून ती दिलेली असते. तिच्या जागी साधी भरीव पुली लावली तर गाडी चालते, पण बेल्ट थरथरत राहतो आणि तो ताणून धरणारा टेन्शनर लवकर मरतो.

तुमची गाडी डिझेल आहे म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. अनेक डिझेल व्हॅनमध्ये अल्टरनेटरच्या पाठीवरच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. मागून तेलाची बारीक नळी आत जाते, जाड नळी तेल परत इंजिनात सोडते, आणि एक पाइप ब्रेकच्या बूस्टरकडे, म्हणजे त्या व्हॅक्यूमने पेडल हलकं करणाऱ्या भागाकडे, जातो. असा पंप असेल तर तुम्ही विजेच्या कामासोबत ब्रेकचंही काम करताय. नळ्या सोडवण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने आणि फडक्याने साफ करा, कारण त्यातला एक कण जरी तेलाच्या वाटेत गेला तरी पंपाची पाती घासतात. तांब्याचे वॉशर आणि ओ-रिंग नवीनच घाला. बसवण्याआधी पंपाच्या तेलाच्या तोंडात चमचाभर इंजिन ऑइल ओता आणि पुली हाताने काही फेरे फिरवा. पहिल्या काही सेकंदांत इंजिनचं तेल तिथवर पोहोचलेलं नसतं, आणि कोरडा फिरलेला पंप तेवढ्यात खराब होतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, चाकांखाली दगड किंवा लाकडाची उटी लावा. इंजिन गार होऊ द्या. व्हॅनमध्ये बॉनेट तोकडं असतं किंवा इंजिन सीटखाली असतं, त्यामुळे बऱ्याचदा हात खालून किंवा चाकाच्या कमानीतूनच घालावा लागतो. खाली शिरायचं असेल तर गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाऊ नका, अगदी मिनिटभरासाठीही नाही.

बॅटरीचा मायनस काढा आणि टोक फडक्यात गुंडाळून बाजूला सारा. बेल्ट कुठल्या पुलीवरून कसा फिरलाय त्याचा फोटो काढा. टेन्शनर स्प्रिंगचा असेल तर लांब पान्याने फिरवून बेल्ट उतरवा, जुन्या पद्धतीचा असेल तर पट्टीचा बोल्ट सैल करा. बेल्ट हातात आलाच आहे तर उलटा वाकवून भेगा बघा, आणि पाण्याच्या पंपाची पुलीही हाताने हलवून घ्या. नंतर प्लग, जाड वायर, नळ्या आणि शेवटी मोठे बोल्ट. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंत तर आटे जाणार नाहीत.

बोल्ट निघाले तरी अल्टरनेटर जागचा हलणार नाही, तेव्हा घाबरू नका. एका कानात लोखंडी बुश (छोटी नळी) असतो आणि बोल्ट आवळताना तो सरकून ब्रॅकेटला घट्ट चिकटतो. लाकडाचा तुकडा मध्ये धरून हळूहळू दोन्ही बाजूंना हलवत बाहेर काढा. पहारीने जोर लावलात तर अॅल्युमिनियमचा कान तुटेल. नवा बसवण्याआधी त्याच्या कानातला तोच बुश हातोडीने हलकेच ठोकून एकदोन मिलिमीटर मागे सरकवा. एवढं केलं की अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये सहज जातो. न केल्यास तासभर झटापट होते आणि बोट चेमटतं ते वेगळंच.

सगळे बोल्ट आधी हाताने चार आटे फिरतील इतके लावा, मग पान्याने आवळा. जाड वायरचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. त्याचा नट घट्ट हवा, पण अंगाचा जोर लावून पिळू नका, तो बोल्ट आतल्या डायोडच्या प्लेटला जोडलेला असतो. त्यावरची रबरी टोपी परत बसवायची राहू देऊ नका. बेल्टची प्रत्येक रेघ खाचेत बसली का, हे बोट फिरवून बघा. साधा व्ही-बेल्ट असेल तर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटीमीटरभर दबायला हवा.

उतरलेली बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून मगच जोडा. रिकामी बॅटरी भरण्यासाठी नवा अल्टरनेटर पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेने तापवायची काही गरज नाही.

गाडी सुरू केल्यावर लाल दिवा विझला पाहिजे आणि लोडसकट साधारण 14 व्होल्ट मिळाले पाहिजेत. व्हॅक्यूम पंप काढला असेल तर टॉर्चने सगळे सांधे बघा, तेल झिरपतंय का. मग गाडी बंद करून ब्रेक पेडल कडक होईपर्यंत काही वेळा दाबा, पाय तसाच दाबून ठेवा आणि परत स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेलं तर व्हॅक्यूम तयार होतोय. नाही गेलं तर गाडी रस्त्यावर काढू नका. इंजिन ऑइलची पातळीही बघून घ्या.

तोवर गाडी चालवू का, याचं उत्तर बेल्टवर आहे. बेल्ट तुटला असेल किंवा अल्टरनेटर जाम होऊन तो घासून जळायला लागला असेल तर अजिबात नाही. अनेक इंजिनांत पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंग त्याच बेल्टवर असतं, आणि तुमच्याकडे व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवर असेल तर ब्रेकची मदतही त्याच्यासोबत जाते. बेल्ट शाबूत असून फक्त चार्जिंग बंद असेल तर भरलेल्या बॅटरीवर दिवसा जवळचं अंतर जाता येतं, एसी, ब्लोअर आणि दिवे बंद ठेवून. जुन्या, मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाडीला चालू राहायला वीज फारशी लागत नाही. कॉमन रेल (डिझेलचा फवारा कॉम्प्युटर सोडतो अशा) गाडीत मात्र व्होल्टेज उतरलं की कॉम्प्युटर इंजिन बंद करतो, आणि ते भर चौकातही होऊ शकतं. अशी गाडी असेल तर पार्ट आणायला रिक्षाने जा.