परभृत : कोकिळ की कावळा?

प्रश्न असा आलाय की शब्दकोड्यात 'परभृत' दिलंय, उत्तर तीन अक्षरी, कोकिळ पण बसतं नि कावळा पण, मग खरं कुठलं? तर दोन्ही खरी, आणि हा घोळ आपल्या मराठीनेच घातलाय.

संस्कृतात हे दोन वेगळे शब्द आहेत. भृ म्हणजे पोसणं, भरणपोषणातलं भरण तेच. परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, तो कोकिळ. आणि परभृत्, त चा पाय मोडलेला, म्हणजे दुसऱ्याला पोसणारा, तो कावळा. अमरकोशात दोघं आपापल्या जागी नीट बसलेत. पण मराठीत आपण विद्वान्, अर्थात् यांचे पाय मोडत नाही तसं याचंही झालं, बोलताना शेवटचा अ आपण तसाही खातो, त्यामुळे पोसणारा नि पोसलेला एकाच स्पेलिंगमध्ये कोंबले गेले.

बाकी शब्द ज्याने केला त्याने बघून केलाय हां. आमच्या खिडकीसमोरच्या गुलमोहरावर दरवर्षी हेच चालतं, मे महिन्यात कोकिळा नुसती दिसली तरी कावळे तिला पार गल्लीच्या टोकापर्यंत हाकलून येतात आणि पावसाळा लागला की तिचंच ठिपक्याठिपक्यांचं पोर लाल तोंड वासून फांदीवर बसलेलं असतं आणि तेच कावळे त्याच्या घशात घास कोंबत असतात! कोकिळेचं कावळ्याच्या घरट्यात घातलेलं अंडं जरा लहान पण रंगाने कावळ्याच्या अंड्यासारखंच हिरवट, तपकिरी ठिपक्यांचं, त्यात ते आधी फुटतं, म्हणजे पोर आधीच पुढे. पावशा पक्ष्याचं तसंच, तो सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, सातभाईची अंडी निळीशार म्हणून याचीही निळी.

ब्रूड पॅरासाइटला, म्हणजे दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालून पोरं त्याच्याकडून वाढवून घेणाऱ्या पक्ष्याला, लोक सरसकट परोपजीवी म्हणतात ते मला पटत नाही. परोपजीवी म्हणजे बांडगूळ, जन्मभर दुसऱ्याच्या जिवावर. मोठा झालेला कोकिळ वड-उंबराची फळं आपली आपण शोधून खातो, फुकट झालं ते फक्त बालपण. त्याला परभृतच म्हणावं, तयार शब्द आहे.

कोड्याचं म्हणाल तर शेवटच्या 'ळा'वर जाऊ नका, कोकिळा पण तीन अक्षरीच. मधल्या घरात उभा शब्द काय देतोय बघा, 'कि' का 'व'.