चीनहून ग्वाल्हेरला परतताना आम्ही झाशीला कसे पोचलो

प्रश्न: आईला (वय 69) घेऊन डिसेंबरात दहा दिवस चीनला जातोय. येताना शांघाय ते दिल्ली आणि पुढे ग्वाल्हेर एका दमात करावं, की मध्ये कुठे थांबावं? कुणी केलाय का हा प्रवास?

उत्तर:

केलाय. 2024 च्या डिसेंबरात. मी, नवरा आणि माझ्या सासूबाई माई, वय 71. शांघायच्या हॉटेलची खोली सोडल्यापासून ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, जनकगंजच्या घराचं कुलूप काढेपर्यंत सव्वाअडतीस तास लागले. तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकते: एका दमात करू नका. थांबा, आणि थांबायचं ते दिल्लीत, अख्खी रात्र. का, ते कळायला आमची फजिती ऐकावी लागेल.

पहिली चूक विमानतळावर पोचायच्या आधीच झाली होती. शेवटचा दिवस आहे, पैसे वसूल करू, म्हणून सकाळी युयुआन बाग, दुपारी नानजिंग रस्ता आणि रात्री बंड. (बंड म्हणजे हुआंगपू नदीच्या काठचा जुन्या इमारतींचा रस्ता. माईंना नाव फार आवडलं, "आपण कधी बंड केलं नाही, निदान पाहून तरी येऊ.") पलीकडच्या मनोऱ्यांचे दिवे बघत दहा वाजले. खोलीवर येऊन बॅगा भरायला बारा. साडेचारला निघायचं होतं. म्हणजे प्रवासाला लागलो तेव्हाच झोपेची उधारी सुरू झाली होती, आणि ती पुढे कुठेच फिटली नाही.

तेवढ्या पहाटे मॅग्लेव्ह (विमानतळाला जाणारी, चुंबकावर धावणारी वेगवान गाडी) मिळत नाही, ती उशिरा सुरू होते, म्हणून टॅक्सीनं पुडोंग विमानतळ. तिथे सुरक्षा तपासणीत नवऱ्याची पॉवर बँक काढून घेतली. दोष आमचाच. वापरून वापरून तिच्यावरची अक्षरं पुसली गेली होती, आणि क्षमता वाचता येत नसेल तर चीनमध्ये ती विमानात नेऊ देत नाहीत. तुमची जुनी असेल तर आत्ताच उलटून बघा. तेव्हा वाटलं, हजार-बाराशेची वस्तू, गेली तर गेली. ती आम्हाला कुठे नेणार आहे याची कल्पना नव्हती.

दुसरी चूक तिकिटाची. त्या वेळी भारत-चीन थेट विमानं बंदच होती, 2020 पासून. कुठूनतरी वळसा घालूनच यावं लागायचं. आम्ही क्वालालंपूर निवडलं, कारण दोन वेगवेगळी तिकिटं काढली की माणशी बरेच पैसे वाचत होते. नकाशा उघडून बघा: शांघायहून दिल्ली पश्चिमेला, आणि आम्ही चाललो दक्षिणेला, जवळजवळ विषुववृत्तापर्यंत. अंतर सरळ रस्त्याच्या पावणेदोन पट. वेगळ्या तिकिटांचा खरा त्रास अंतराचा नसतो, सामानाचा असतो. बॅगा पुढे जात नाहीत. क्वालालंपूरला इमिग्रेशन करून देशात शिरा, पट्ट्यावरून बॅगा उचला, दुसऱ्या टर्मिनलला जाणारी गाडी पकडा, पुन्हा रांगेत उभे राहा. भारतीयांना 1 डिसेंबर 2023 पासून तिथे व्हिसा लागत नाही, पण बाहेर पडायचं असेल तर डिजिटल आगमन-कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. हे आम्हाला पुडोंगच्या काउंटरवर कळलं. मागे तीस माणसं उभी, आणि नवरा माईंच्या पासपोर्टचा नंबर टाइप करतोय.

शांघायला पाच-सहा अंश थंडी, क्वालालंपूरला तिशीच्या वर गरमी, दिल्लीला पुन्हा हुडहुडी. माईंचे दोन स्वेटर, शाल, कानटोपी, पायमोजे, सगळं काढून हातात. माणूस थकतो ते अशा गोष्टींनी. साडेपाच तासांच्या उड्डाणात तुम्ही नुसते बसलेले असता, तरी उतरल्यावर शिणवटा का येतो? केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, ओलावा वीस टक्क्यांहून कमी, आणि पाय लटकते. माईंच्या घोट्यांना सूज आली, चपला चढेनात. डोकं दुखत होतं तरी त्या पाणी पीत नव्हत्या, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं आणि शेजारच्या माणसाला उठवायला संकोच. तुमच्या आईचंही हेच होणार. त्यांना कडेची सीट घ्या, पैसे पडले तरी घ्या.

जेट लॅगची मात्र फार काळजी करू नका. चीन केवढाही पसरलेला असला तरी घड्याळ एकच, आपल्या अडीच तास पुढे. पश्चिमेला येताना दिवस लांबतो, ते शरीराला तसं सोपं जातं. घरी आल्यावर तीन-चार दिवस माई रात्री अडीचला उठून, पाच वाजले समजून देवघरात दिवा लावत होत्या, एवढंच.

क्वालालंपूरला साडेसहा तास काढायचे होते. विमान रात्री साडेअकराला दिल्लीला उतरायचं होतं. आमचा हिशेब असा की विमानतळावर पाठ टेकू, पहाटेची पहिली मेट्रो, आणि सहाची शताब्दी, साडेनऊच्या आत ग्वाल्हेर. कागदावर फार देखणा दिसत होता. पण दिल्लीत धुकं पडलं आणि विमान तिकडूनच साडेतीन तास उशिरा उडालं. उतरलो पहाटे तीनला, बॅगा मिळेपर्यंत चार. गंमत म्हणजे एवढं होऊनही शताब्दी चुकली नाही. चुकली असती तर बरं झालं असतं.

नवी दिल्लीला विमानतळाची मेट्रो अजमेरी गेटच्या अंगाला सोडते. आमची गाडी उभी होती पहाडगंजच्या अंगाला, म्हणजे मधले सगळे प्लॅटफॉर्म पुलावरून ओलांडायचे. हमाल केला, त्यानं दोन बॅगा डोक्यावर घेतल्या आणि माईंनी त्याचा दंड धरला. डब्यात बसलो तेव्हा तिघांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. क्वालालंपूरला थोडेफार चार्ज केलेले फोन तोवर मेले होते आणि चार्जर मोठ्या बॅगेच्या तळाशी, म्हणजे गजर लावायचीही सोय नाही.

गाडी धुक्यात रांगत होती. चार दिवसांपूर्वी आम्ही बीजिंग ते शांघाय हे 1318 किलोमीटर साडेचार तासांत केले होते. दिल्ली-ग्वाल्हेर 313. त्याची मला तक्रार नाही, आम्ही छोट्या लाइनीची माणसं. ग्वाल्हेर-श्योपुरची ती दोन फुटी रुळांची गाडी 2020 पर्यंत चालायची आणि दोनशे किलोमीटरला दिवस घ्यायची, माईंचं माहेरपण त्याच गाडीनं झालंय. पण साडेनऊ वाजले तेव्हा आग्राही आलं नव्हतं, आणि इथेच घात झाला. वेळेवर चालणाऱ्या गाडीत माणूस जागा राहतो. उशीर झालेल्या गाडीत वाटतं, अजून खूप वेळ आहे. नवरा म्हणाला, मी जागा आहे, तुम्ही पडा. मी म्हटलं, चंबळ आली की उठव. पूल लागला आणि दोन्हीकडच्या घळी दिसल्या की आमच्यासाठी घर आलं, लहानपणापासून तीच खूण.

चंबळ मी पाहिलीच नाही. डोळे उघडले तेव्हा धुकं विरलं होतं, लख्ख ऊन, आणि खिडकीत एक भलामोठा सात मजली महाल. दोन-तीन क्षण बरं वाटलं, किती ओळखीचा आहे. मग पोटात गोळा आला. तो दतियाचा महाल होता. ग्वाल्हेर सत्तर किलोमीटर मागे पडलं होतं आणि जागा राहणारा माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता.

तिथून थेट झाशी. टीसीनं पुढच्या अंतराचे पैसे लावून पावती दिली, फारसं बोलला नाही, आमच्या चेहऱ्यांकडे पाहून असेल. झाशीच्या फलाटावर बॅगेवर बसल्या बसल्या माई म्हणाल्या, "राणीसाहेब झाशीहून ग्वाल्हेरला आल्या, त्याही काल्पीचा वळसा घालून. आपण काय वेगळं केलं?" सव्वाअडतीस तासांत तेवढं एकदाच आम्ही तिघं हसलो. मग मागून येणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यात, बॅगांवर टेकून, पावणेचारला ग्वाल्हेर. ऑटोवाल्यानं नेहमीपेक्षा जास्त मागितले, दिले.

आता तुमचं. तुमची गोष्ट आमच्यापेक्षा सोपी आहे, कारण 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात थेट विमानं पुन्हा सुरू झाली, शांघाय-दिल्लीसुद्धा. सात-साडेसात तासांत दिल्ली. थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. मिळालं नाही तर निदान सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे बॅगा पुढे जातात आणि एक विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीला बघावी लागते. आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. "मला चालता येतं" असं त्या म्हणतील. माईही म्हणाल्या होत्या. चालता येतंच, पण इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहणं वेगळं.

शांघायचा शेवटचा दिवस मोकळा ठेवा. जे बघायचं ते आदल्या दिवशी उरका, संध्याकाळी सातला जेवून झोपा.

दिल्लीला विमानतळाजवळ खोली घ्या. तुमचे नातेवाईक असतील, पण पहाटे तीनला कुणाच्या घरी जाऊन परत गप्पा मारत बसायचं त्राण नसतं, खोलीच बरी. ग्वाल्हेरचं तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच्या गाडीचं काढा, दिवसभर गाड्यांची रीघ आहे. टॅक्सीनं थेट यायचा मोह होईल, आम्हालाही झाला होता. डिसेंबरातल्या धुक्यात, रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरबरोबर यमुना एक्स्प्रेसवे नको.

हातातल्या पिशवीत चार्जर, आईंची दोन दिवसांची औषधं आणि काहीतरी घरचं खायला ठेवा. आमच्याकडे दशम्या होत्या, त्या चौथ्याच दिवशी बीजिंगला संपल्या. येताना माईंनी विमानातलं काही तोंडात घातलं नाही. घरी आल्यावर शेजारच्या वहिनींनी मऊ भात, मेतकूट आणि तूप आणून दिलं, ते खाल्लं आणि ताटावरच त्यांना डुलकी लागली.

आणि गाडीत कोण जागं राहणार हे ठरवाच, पण ज्याची निवड कराल तो माझा नवरा नसावा.