बाटलीतलं २० मिलि

प्रिय मुली,

ऑफिस पुन्हा सुरू होणार म्हणून तू पंपाने अंगावरचं दूध काढून साठवायला घेतलंस, त्याचा फोटो पाहिला. बाटलीच्या तळाशी २० मिलि दूध आणि खाली एकच ओळ: ‘मला दूधच नाही.’

अगं, बाळ तीन महिन्यांचं, वजन नीट वाढतंय, दिवसातून सहा-सात वेळा भरपूर शू करतंय, हे मागच्या आठवड्यात तूच लिहिलं होतंस. मग दूध नाही असं कोण म्हणतं? बाटली. तिचं ऐकू नकोस. बाळ ओढून घेतं तसं यंत्राला जमत नाही, आणि तू पंप लावलास तो बाळ पोटभर पिऊन झाल्यावर तासाभरात. त्या वेळी दोन्ही बाजूंचं मिळून १५ ते ६० मिलि निघणं हे अगदी नेहमीचं आहे. तू काढलंस ते वरकड दूध, बाळाचा वाटा आधीच त्याच्या पोटात गेला होता.

दूध तयार होणं वेगळं आणि ते उतरणं वेगळं. तयार होतं प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे. पण ते बारीक पिशव्यांमध्ये साठून राहतं आणि ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक आलं की त्या पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळून ते पुढे ढकलतात. आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे, पान्हा. गाय वासराला हुंगल्याशिवाय पान्हा सोडत नाही, अनोळखी हाताला तर चोरूनच धरते. आपलंही तेच. घाई, लाज, थंडी, ‘किती आलं’ म्हणून दर मिनिटाला बाटलीकडे बघणं, एवढ्यानेही पान्हा अडतो. मी बाटलीवर चक्क मोजा चढवायचे. हसू नकोस, उपयोग व्हायचा.

म्हणून पंप हातात घेण्याआधीची पाच मिनिटं खरी महत्त्वाची. छातीवर कोमट ओला कपडा ठेव. बोटांच्या टोकांनी हलकेच कुरवाळ, रगडू नकोस. जरा पुढे वाक. बाळाचं न धुतलेलं झबलं जवळ ठेव किंवा त्याचा व्हिडिओ लाव.

आणि एकदा तरी हाताने काढायला शीक. वीज गेली, पंपाचा एखादा भाग घरी राहिला, तर हात कुठे जात नाहीत. हात स्वच्छ धुवून अंगठा वर आणि बोटं खाली ठेव, बोंडीपासून अडीच-तीन सेंटिमीटर मागे. आधी सरळ मागे, बरगड्यांकडे दाब. मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आण. सोड. पुन्हा. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत, बोंडी चिमटायची तर मुळीच नाही, कारण दूध तिथे नसतं, मागे असतं. पहिली दोन-तीन मिनिटं काही येणार नाही, मग थेंब, मग अचानक चिळकांडी उडेल. धार मंदावली की हात थोडा फिरवून दुसऱ्या जागी धर. पंपाने काढून झाल्यावरही हे दोन मिनिटं कर, पुष्कळदा शेवटचं दाट दूध तेव्हाच मिळतं.

पंपाचा जोर वाढवला की दूध वाढतं, हा समज मलाही होता. आठवडाभर दात-ओठ खाऊन सर्वांत वरच्या आकड्यावर चालवला आणि मिळाल्या त्या फक्त भेगा. दुखलं की पान्हा आखडतो. दुखणार नाही इतकाच जोर ठेव. तरी दुखलं तर फनेलचं, म्हणजे पंपाच्या छातीवर बसणाऱ्या भागाचं, माप चुकलंय असं समज: बोंडी आत मोकळी हलायला हवी, कडेला घासायला नको.

आता हिशोब. महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलि पितं, म्हणजे तासाला साधारण ३० मिलि. तू दहा तास बाहेर, तर ३०० मिलि, फार तर थोडं जास्त. फ्रीजर भरायचा नाहीये. पहिल्या दिवसापुरतं आणि वर एखाद-दुसऱ्या वेळेचं हवं. मग आज ऑफिसात काढलेलं उद्या घरी. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने रोज एकदाच काढ. तुझ्या २० मिलिचे दोन आठवड्यांत २८० होतात की!

साठवताना ६० ते ९० मिलिच्या लहान वाटण्या कर आणि वर तारीख लिही. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, पण उकाडा असेल तर लगेच आत ठेव. फ्रिजमध्ये चार दिवस, दारात नाही, आतल्या बाजूला. फ्रीजरमध्ये सहा महिन्यांत वापरलेलं उत्तम. फ्रीजरमधलं पूर्ण वितळलं की फ्रिजमध्ये २४ तास, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं दोन तासांनंतर टाकून दे, कितीही जिवावर आलं तरी. हे सगळं निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी. कमी दिवसांच्या बाळाचे नियम डॉक्टरांकडून घ्यायचे. गरम करायला कोमट पाण्याचं भांडं पुरे. मायक्रोवेव्ह नको, एखादा घोट चटका देणारा निघतो. वर सायीसारखा थर दिसला तर ते नासलेलं नाही, हलकेच घोळवलं की मिसळतं.

माझं एक दुःख सांगते. महिनाभर जमवलेलं दूध वितळवलं तर साबणासारखा वास. खराब झालं म्हणून सगळं ओतून दिलं आणि त्यावर तासभर रडले. नंतर कळलं, दुधातलंच लायपेज हे विकर स्निग्धांश फोडतं, त्याचा तो वास. पिण्याला अपाय नसतो, बाळाला चव आवडते की नाही एवढाच प्रश्न. तेव्हा आत्ताच एक पिशवी गोठवून, आठवड्याने वितळवून बघ.

पाजायला दुसऱ्या कुणाला तरी सांग आणि तेव्हा तू खोलीबाहेर राहा. आईचा वास येत असताना बाटली कोण घेईल? बाळाला टेकवून बसवायचं, बाटली आडवी धरायची, मध्ये मध्ये थांबायचं. घाईने पाजलं तर जास्त जातं आणि तुझा हिशोब उगाच कोलमडतो.

ऑफिसात साधारण तीन-तीन तासांनी काढ. मीटिंग आहे म्हणून चुकवलंस तर छाती दगड होते, गाठ धरते, आणि भरलेल्या छातीत दूध कमी बनायला लागतं. गाठ लाल झाली आणि ताप आला तर वाट बघू नकोस, डॉक्टरांकडे जा. बाळ दिवसा कमी पिऊन रात्री तुला जास्त जागवेल, तेही धरून चल.

पिशवीत एक जादा कुर्ता टाक, गडद रंगाचा. आणि फनेलचं माप कळव. फोटो नको, मिलिमीटर.

तुझी मावशी