‘इटरेटर’ आणि आपला ‘इतर’

प्रश्न असा आलाय: “मी ‘दिंडी’ नावाचा क्लास लिहिला, आत वारकऱ्यांची यादी ठेवली. एकेकाला पुढं घेण्यासाठी फॉर लूप लावला तर पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा म्हणते, हा ऑब्जेक्ट इटरेबल (एकेक करून फिरता येण्याजोगा) नाही. सर ‘आयटरेटर’ म्हणतात, पुस्तकात ‘पुनरावर्तक’ आहे. बरोबर काय?”

‘आयटरेटर’ चूक. ‘इटरेटर’ म्हणा. यादीतल्या गोष्टी एकेक करून पुढं देणारा तो इटरेटर.

‘पुनरावर्तक’ मात्र डोक्यात जातो. पुनरावृत्ती म्हणजे तेच पुन्हा. इथं तेच कुठं येतंय? एक वारकरी पुढं गेला की दुसरा येतो! हा शब्द ज्यावरून आला त्या लॅटिन ‘इतेरुम’चा अर्थ ‘पुन्हा’ दिसला आणि परिभाषावाले तिथंच जेवायला बसले. आणखी वीतभर खणलं असतं तर घरचंच नाणं हाती लागलं असतं. ‘इतेरुम’ आणि संस्कृत ‘इतर’ ही सख्खी भावंडं. ‘इदम्’मधला ‘इ’, त्याला दोहोंतला एक दाखवणारा ‘तर’ हा प्रत्यय. म्हणजे ‘हा नव्हे, दुसरा’. तिकडे त्याचं ‘दुसऱ्यांदा’ झालं, मग ‘पुन्हा’. इटरेटर तरी दुसरं काय म्हणतो? हा झाला, इतर आणा. (काही जण ‘इतेर’ म्हणजे प्रवास, त्यावरून हा शब्द आणतात. ते संस्कृत ‘एति’ म्हणजे ‘जातो’, त्याचं खानदान, निराळं. दिंडीला शोभतं, म्हणून खरं होत नाही.)

मी इटरेटरला सरळ ‘बोट’ म्हणतो. कलेक्शन, म्हणजे यादीसारखा साठा, ही जपमाळ, मणी ओढतं ते बोट. जप कुठवर आला हे माळेला ठाऊक नसतं, बोटाला असतं. ‘इटर’ म्हटलं की माळेनं बोट द्यायचं, ‘नेक्स्ट’ म्हटलं की बोटानं मणी. मेरुमणी आला की ‘स्टॉपइटरेशन’, म्हणजे मणी संपल्याची खूण. मेरू ओलांडत नसतात. सी शार्प या भाषेतला इटरेटर, म्हणजे एन्युमरेटर, तर सुरुवातीला मेरूवरच बसलेला असतो. ‘मूव्हनेक्स्ट’ केल्याशिवाय पहिला मणीही मिळत नाही.

नवशिके बोट माळेलाच चिकटवतात. ‘इटर’मधून ‘सेल्फ’, म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतःच, परत देतात आणि कितवा मणी तो आकडाही क्लासमध्येच ठेवतात. मग प्रत्येक वारकऱ्याची प्रत्येकाशी उराउरी भेट घडवायला लूपमध्ये लूप लावला की पहिल्याच्या भेटी उरकतात आणि बाहेरचा लूपही गपकन संपतो. माळ एक असली तरी जपणारे दोन, तर बोटंही दोन लागतात.

हां, तुमची दिंडी. दोन्हीकडे दोन-दोन अधोरेषा घालून ‘इटर’ नावाची मेथड लिहा आणि आतल्या यादीचंच बोट उसनं द्या: रिटर्न इटर, कंसात सेल्फ डॉट वारकरी.