संध्याकाळचा तो एक तास

बहुतेक घरांत मोबाइल मुलाच्या हातात जातो तो ठरलेल्या वेळी. पाळणाघरातून नुकतेच घरी आलेलो असतो, गॅसवर काहीतरी चढवलेलं असतं आणि मूल पायाला मिठी मारून उभं असतं. जोडीदार अजून वाटेत, आजी-आजोबा दुसऱ्या खंडात, आणि ‘जरा हिला बघता का’ म्हणून शेजारचं दार वाजवावं एवढी ओळख नाही. अशा वेळी कार्टून लावलं म्हणून कोणी वाईट आई-बाप ठरत नाही. पण स्क्रीन कमी करायचा असेल तर सुरुवात याच तासापासून करा. सगळा दिवस एकदम बदलायला निघालात तर चार दिवसांत दमाल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचना अनेकांना ठाऊक असतात: एक वर्षाच्या मुलाला स्क्रीनसमोर बसवूच नये, दोन वर्षांच्या मुलाला फार तर तासभर, आणि त्याहून कमी तेवढं बरं. त्याच सूचनांत दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी असंही म्हटलं आहे, तिकडे मात्र कोणाचं फारसं लक्ष जात नाही. मला हा दुसरा आकडा जास्त कामाचा वाटतो. दिवसभर बंद घरात राहिलेलं मूल संध्याकाळी कितीही छान खेळणं दिलं तरी रमत नाही. म्हणून घरात शिरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर पळू द्या, थंडी असली तरी. पाऊसच असेल तर सोफ्याच्या उशा जमिनीवर टाका आणि चढ-उतार करू द्या. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर आधी जाड गोधडी अंथरा, नाहीतर तक्रारीची चिठ्ठी ठरलेली.

आता मुख्य मुद्दा. मुलाला रमवणं हे आपलं काम आहे, ही समजूत सोडा. दीड-दोन वर्षांच्या मुलाला करमणूक नको असते, उद्योग हवा असतो. भरणं, उपडं करणं, इथलं तिथे नेणं, झाकण लावणं-काढणं. आपल्याला वेड लागेल इतक्या वेळा तेच ते.

एक करून बघा. बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणाला लांबट फट पाडा आणि बरण्यांची आठ-दहा मोठी झाकणं शेजारी ठेवा. दाखवायचं फक्त एकदा. मूल आधी झाकण आडवंच दाबेल. जात नाही. मग हाताने आपटेल, तुमच्याकडे बघेल. इथे आपली जीभ वळवळते, ‘अगं, उभं धर!’ ती आवरा. कधीतरी मनगट फिरतं, झाकण फटीतून आत पडतं आणि खट्ट आवाज येतो. मग खोकं उघडायचं, सगळं बाहेर ओतायचं, पुन्हा सुरू. तेवढ्यात आपली भाजी चिरून होते.

यासाठी स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा कप्पा मुलाच्या नावावर करा. दोन डबे, लाकडी चमचा, गाळणी, मोजायचे कप, बस्स. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हा वाढदिवसाला आलेला ढीग खोक्यात भरून कपाटावर टाका आणि आठवड्याने त्यातलं थोडं खाली काढा. नव्यासारखं वाटतं. मोठं पार्सल आलं तर खोकं मात्र टाकू नका.

पाण्याचा खेळ सगळ्यात जास्त वेळ टिकतो, पण तो तुम्ही शेजारी उभे असतानाच. अगदी थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, त्यामुळे खेळ झाला की टब लगेच रिकामा करा. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. रिमोटमधले, वजनकाट्यातले चपटे सेल तर घरभर शोधून तपासा. ते गिळले गेले तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते.

मागे चालू असलेला टीव्हीही बंदच ठेवा. मूल बघत नसलं तरी त्याचा खेळ पुन्हा पुन्हा तुटतो.

आजीशी व्हिडिओ कॉल या हिशेबात धरू नका. समोर जिवंत माणूस असतं, ते उत्तर देतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दीड वर्षाखालच्या मुलांसाठी व्हिडिओ गप्पा नियमातून वगळल्या आहेत. वेळेचं गणित जमत असेल तर फोन ओट्यापासून दूर, मुलाच्या उंचीला टेकवून ठेवा आणि आजीला काम सांगा. ‘बोल गं राणी’ म्हटल्यावर मूल गप्प बसतं. ‘तुझा लाल डबा कुठाय? आण बघू’ म्हटलं की धावतं. आजोबांना लपाछपी द्या: चेहऱ्यावर रुमाल, मग भॉक. मात्र घरात तुम्ही हवेतच, फोनवरच्या आजीला मूल उचलून घेता येत नाही.

सुरुवातीचे काही दिवस रडारड होईल. मोबाइल उंचावर ठेवण्यापेक्षा नजरेआड ठेवा, तुमचासुद्धा.

आणि ताप आला, विमानात अडकलात, की खुशाल कार्टून लावा. संथ, ओळखीचं, शक्य तर मराठीतलं. शेजारी बसा, आणि एक संपलं की आपोआप दुसरं सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवा.